एडमाँटोसॉरसची प्रतिकृती : स्नायू झाले, आता कातडी

१:४० प्रमाणातील एडमाँटोसॉरस अ‍ॅनेक्टेन्स या डायनोसॉरच्या प्रतिकृतीचे काम स्नायूंपर्यंत येऊन पोहोचले आहे. मूळ प्राणी सुमारे १२ मीटर लांबीचा धरला असल्याने प्रतिकृती ३० सेंटिमीटरची होते. आत अ‍ॅल्युमिनियमची तार, तिच्यावर एपॉक्सी पुट्टी आणि वर पॉलिमर क्ले (भाजल्यावर कडक होणारी कृत्रिम माती), अशी रचना आहे.

शेपटीसाठी दुहेरी पिळाची तार घेतली, कारण हॅड्रोसॉरांच्या (एडमाँटोसॉरस ज्यात मोडतो त्या बदकचोच्या डायनोसॉरांच्या) कण्याच्या दोन्ही बाजूंना हाडासारख्या कठीण झालेल्या कंडरांची (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांची) जाळी असे आणि तिच्यामुळे शेपूट जमिनीला समांतर, ताठ राहत असे. पुढच्या पंजाला अंगठा नाही, आणि मधली तीन बोटे एकाच आवरणात असल्याने ती सुटी कोरलेली नाहीत. १९०८ मध्ये अमेरिकेतील वायोमिंगमध्ये स्टर्नबर्ग या जीवाश्मसंग्राहक पितापुत्रांना सापडलेल्या कातडीसह जीवाश्मात हे आवरण दिसते. त्याचा अभ्यास करणारे जीवाश्मशास्त्रज्ञ ऑस्बॉर्न यांनी ते पोहण्यासाठीचे पडदे मानले होते. आता ती चालताना भार पेलणारी गादी समजली जाते.

खरा प्रश्न कातडीचा आहे. त्या जीवाश्मावरील बहुतेक खवले अवघ्या काही मिलिमीटरचे असून ते एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसलेले आहेत. ४ मिलिमीटरचा खवला १:४० मध्ये ०.१ मिलिमीटरचा होतो. तो कोणत्याही कोरणीने उठवता येणार नाही आणि उठवला तरी डोळ्यांना दिसणार नाही. बाजारातील बहुसंख्य प्रतिकृतींवर दिसणारे मगरीसारखे ठसठशीत खवले मला म्हणूनच पटत नाहीत. त्यामुळे बारीक सँडपेपर क्लेवर हलकेच टेकवून केवळ खरखरीतपणा आणायचा आणि सारी मेहनत खांदा, मांडी व मानेवरील घड्यांवर घ्यायची, असे ठरवले आहे. घड्या या प्रमाणातही दिसतात.

पाठीचा आराखडा मात्र बदलावा लागला. जीवाश्मशास्त्रज्ञ पॉल सेरेनो आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये याच जातीच्या वायोमिंगमधील नमुन्यांवरून मान व धडावर मांसल तुरा, शेपटीवर काट्यांची एकेरी रांग आणि मागच्या पायांना खूर असल्याचे दाखवले. (त्या नमुन्यांतील कातडीचा आकार चिकणमातीच्या अतिशय पातळ थरात टिकून राहिला, हे आम्हा क्लेवाल्यांना विशेष सुखावणारे आहे.) तुरा पुट्टीत उभा केला आहे. काटे वेगळे भाजून, एका मणक्यास एक या हिशेबाने बसवायचे आहेत. त्यानंतरच खुरांना हात घालीन.