आमची वाटचाल : बियाणातून उरलेला लसूण

आश्विन लागला की आमच्या ओटल्यावर संध्याकाळी सतरंजी पडते आणि घरातली सगळी माणसं लसूण फोडायला बसतात. लसणाची चटणी आणि वाळवलेला लसूण विकणारी आमची फर्म कशी सुरू झाली असं कुणी विचारलं की मी त्यांना ही सतरंजी दाखवते. परवाना, यंत्र, लेबल हे सगळं पुष्कळ नंतर आलं.

शेत इंदूरहून साधारण 40 किलोमीटरवर, देपालपूरच्या बाजूला. 14 बिघे काळी माती, एक विहीर, एक बोअर, दोन गाई. आमच्याकडे दोन बिघे म्हणजे जवळपास एक एकर, तेव्हा पुण्या-नाशिकच्या वाचकांनी आकडा निम्मा करून वाचावा. माझं माहेर इंदूरच्या रामबागेतलं. 2001 साली लग्न होऊन इथे आले तेव्हा लसूण मला फोडणीपुरताच ठाऊक होता.

भाद्रपद संपता संपता सोयाबीन पिवळं पडतं. लसणाला जमीन वेळेवर मोकळी मिळावी म्हणून त्या तुकड्यात आम्ही लवकर निघणारं वाण घेतो, जेएस 95-60 नाहीतर 20-34. ते 85-90 दिवसांत हाती येतं. पूर्वी सगळीकडे 335 असायचं. त्याला आठ-दहा दिवस जास्त लागतात, आणि या मोसमात आठ दिवस म्हणजे फार झाले. कापणीला झाबुआ-अलीराजपूरकडची कुटुंबं येतात, लेकरांसकट. ते पंधरा दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, सगळे आभाळाकडे बघत असतात. पिकलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात आणि वर्षाचा हिशेब तिथेच बिघडतो.

त्याच दिवसांत गावातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात. पितृपक्षाचे सोळा दिवस रोज नवी आकृती, फुलांच्या पाकळ्यांनी सजवलेली, आणि शेवटी किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी मोठी आकृती. माझ्या लेकीने दोन्ही केलं. पंधरवडाभर मैत्रिणींबरोबर संजा, आणि घट बसले की आमच्या अंगणात भोंडला. पाटावर हत्ती, भोवती फेर धरणाऱ्या निम्म्याहून जास्त मुली मालवी बोलणाऱ्या. आमची गाणी त्यांना पाठ झाली होती, तिला त्यांची. फक्त खिरापत वासावरून ओळखायची सोय नव्हती, कारण ओटल्यावर तोवर लसूण फोडायला सुरुवात झालेली असायची.

आता त्या फोडण्याबद्दल. लसणाला बी नसतं, पाकळीच पेरायची. फाल्गुनात काढलेल्या गड्ड्यांपैकी मोठ्या, घट्ट गड्ड्या पातीसकट जुड्या बांधून हवेशीर खोलीत टांगून ठेवायच्या आणि आश्विनात उतरवायच्या. एका बिघ्याला एक ते सव्वा क्विंटल पाकळ्या लागतात. आमचा लसूण चार बिघे असतो, म्हणजे पाच क्विंटल चांगली पाकळी. ती मिळवायला साडेसहा क्विंटल गड्ड्या फोडाव्या लागतात. सहा-सात माणसं, रोज संध्याकाळी तीन तास, असे पंधरा दिवस. यंत्रं आहेत, पण यंत्रात पाकळीला मार बसतो आणि मार बसलेली पाकळी मातीत सडते. हाताला ती आधीच कळते. पोचट पाकळी अंगठ्याखाली किंचित दबते, आतून बुरशी लागलेली हलकी लागते. रबरी हातमोजे घालून बघितले, त्यातून काहीच कळत नाही. म्हणून खोबरेल तेल लावून उघड्या हातांनीच बसायचं. तरी चौथ्या दिवशी बोटांची सालं निघतात.

गड्डीच्या बाहेरच्या अंगाची जाड पाकळी बियाणाला जाते. मधली बारीक, चपटी पाकळी पेरली तर गड्डी लहानच येते, म्हणून ती बाजूला टाकायची. ही बाजूला टाकलेली पाकळी म्हणजे आमचा व्यवसाय.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, या बारीक पाकळ्यांची चटणी करायच्या. बारीक लसूण सोलायला फार किचकट, पण वासाला मोठ्यापेक्षा काकणभर सरस, असं त्यांचं ठाम मत आहे आणि माझंही आता तेच झालंय. सुकं खोबरं, भाजलेले शेंगदाणे, थोडे तीळ, मीठ, आणि निमाडची लाल मिरची. खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाच्या मंडीतून मामा पोतं पाठवायचे. सगळं उखळात कुटलेलं, पाण्याचा थेंब नाही. मक्याच्या भाकरीबरोबर आणि दाल-बाफल्याबरोबर ती गावभर जायची.

पण आई स्वतः ती चाखत नाहीत. त्यांचा चातुर्मास असतो, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण वर्ज्य. लसूण फोडण्याचे, सोलण्याचे, कुटण्याचे सगळे दिवस नेमके त्या चार महिन्यांत येतात. हाताला वास, पदराला वास, जिभेला मात्र स्पर्श नाही. मीठ-मिरची त्या मुठीने घालतात आणि वासावर थांबतात. मी आल्यापासून एकदाही चटणी खारट झालेली मला आठवत नाही. पुढे विकायचं ठरलं तेव्हा प्रमाण कागदावर हवं होतं. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला कसं सांगता येईल? मी कुठे खाऊन बघते!" मग मी त्यांना पाच दिवस रोज मूठ भरायला लावली आणि काट्यावर मोजली. मिठाची मूठ 42 ग्रॅम, पाच दिवसांत दोन ग्रॅमच्या वर फरक नाही. आजही आमच्या पाकिटातलं मीठ त्या मुठीच्या हिशेबानेच पडतं.

विकायची वेळ आली 2018 मध्ये. त्या वर्षी मध्य प्रदेशात लसणाचा भाव असा कोसळला की काढणीची मजुरीही सुटेना. आमचा थोडा माल 4 रुपये किलोने गेला. बाकीचा सासऱ्यांनी परत आणला आणि छपरात टांगला. आश्विनापर्यंत त्याला कोंब दिसायला लागले. बियाण्याला हवा त्याच्या तिप्पट लसूण घरात आणि घ्यायला कुणी नाही. दसऱ्याला सोनं द्यायला माहेरी गेले तेव्हा पिशवीत अर्ध्या-अर्ध्या किलोच्या 20 पुड्या नेल्या. रामबाग आणि लोकमान्य नगर मिळून 12 पुड्या त्याच दिवशी संपल्या. उरलेल्या 8 पुड्या ज्या घरांत गेल्या तिथल्या बायकांनी पुडी घेतली, पैसे दिले आणि देवघराच्या उलट्या बाजूच्या कपाटात ठेवून दिली: "कार्तिकी झाली की उघडू." तेव्हा मला आमच्या धंद्याचं पंचांग कळलं. मालवी घरांतली मागणी दिवाळीच्या आधी येते, आपल्या जुन्या मराठी घरांतली तुळशीच्या लग्नानंतर. अजूनही आम्ही दोन घाण्यांत माल काढतो तो यासाठीच.

2019 मध्ये अन्नसुरक्षेची नोंदणी झाली आणि त्याच दिवाळीला माझ्या हातून मोठी चूक झाली. एका दुकानदाराने ओली, तेलातली चटणी मागितली. कच्चा लसूण वाटला, तेलात बुडवला, काचेच्या बरण्या भरल्या. दिसायला देखणी होती. दहाव्या दिवशी एका ताईंचा फोन आला की झाकण फुगलंय. आम्ही सगळ्या 64 बरण्या घरोघर जाऊन परत आणल्या, पैसे परत केले आणि चटणी खड्ड्यात पुरली. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. लसणात पाणी भरपूर, आंबटपणा जवळजवळ नाही, आणि वर तेल आलं की हवा बंद. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना हवं ते सगळं तिथे तयार असतं, आणि त्यांचं विष वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही. झाकण फुगलं हे आमचं नशीब म्हणायचं. घरी तेलातला कच्चा लसूण करून ओट्यावर ठेवणाऱ्या प्रत्येकीला मी तेव्हापासून हे सांगत आलेय. फ्रिजमध्ये ठेवा, थोडाच करा, चार दिवसांत संपवा. आम्ही ती ओली चटणी पुन्हा कधी बनवली नाही. दुकानदार नाराज झाला, अजून आहे.

त्या फजितीतून वाळवणीकडे वळलो. पाकळीच्या दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करायच्या आणि 55 ते 60 अंशांवर वाळवायच्या. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. कापल्यावर आतली दोन द्रव्यं एकमेकांना भेटतात तेव्हा तो तयार होतो, आणि जास्त आच लागली की ते काम करणारं विकरच (एन्झाइम) मरतं. मग उरतो नुसता पिवळा भुसा. अडीच ते तीन किलो सोललेल्या लसणाचा जेमतेम एक किलो होतो. 2022 मध्ये वाळवणीचं यंत्र घेतलं, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेतून. त्यात खर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळालं. कागदपत्रांना सात महिने लागले. त्यावर मी आणखी लिहीत नाही, मिळालं हे महत्त्वाचं.

2022 मध्ये लसूण पुन्हा पडला, पण त्या वेळी आमच्याकडे यंत्र होतं. शेजारच्या नऊ घरांना सांगितलं की बियाणं फोडून झाल्यावर बारीक पाकळी आम्हाला द्या. आता हंगामात घरची आणि त्यांची मिळून 12 क्विंटल पाकळी येते. सोलायला गावातल्या पाचजणी आहेत. त्यातल्या मामी माझ्या लग्नाच्या आधीपासून या ओटल्यावर बसतात. सोयाबीनचं चांगलं दाणं आणि पोचट दाणं सुपात जितक्या लवकर वेगळं करतात तितक्याच लवकर त्या लसूण निवडतात.

घरात खरा वाद झाला तो 2024 मध्ये, आणि तो भाव वाढल्यामुळे. मंडीत लसूण 200 च्या पुढे गेला. सासरे म्हणाले, यंदा बारीक पाकळीसुद्धा विकली जाईल, चटणीत कशाला घालवायची? 2018 मध्ये ज्यांनी 4 रुपयांनी माल दिला त्यांचं हे म्हणणं चुकीचं कसं म्हणू? पण ऑर्डर घेतलेल्या होत्या. दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. शेवटी वहीत एक ओळ लिहिली, ती आजही पाळतो: फर्मने शेताकडून घेतलेल्या प्रत्येक किलोला इंदूरच्या चोइथराम मंडीच्या त्या दिवशीच्या भावाने पैसे द्यायचे, घरचं म्हणून सूट नाही. आणि भाव पडला तरी 30 रुपयांच्या खाली जायचं नाही. शेजारच्या नऊ घरांनाही हाच नियम. त्या वर्षी फर्मला काहीच उरलं नाही. पाकिटाची किंमत वाढवली, वजन कमी केलं नाही. छोट्या घरगुती उद्योगांत शेताचा माल फुकट धरून नफा दाखवतात, तो नफा नसतो, घरातल्याच एका माणसाचं नुकसान असतं, असं माझं मत आहे.

सालपटांचा डोंगर होतो, त्याचं खत करतो. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, गाई आवडीने खात नाहीत आणि गावात बरेच जण ते पेटवून देतात. आम्ही कुटार, लसणाची सालं, शेण आणि माती यांचे थर देऊन ढीग लावतो, पाणी शिंपडतो, दोनदा उलथतो. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत. ही पद्धत जगात 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती इंदुरातच, 1924 मध्ये सुरू झालेल्या संस्थेत विकसित केली, जिथे आज कृषी महाविद्यालय आहे. शाळेत असताना त्या फाटकावरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीत काम दोन दिवस बंद. वसुबारसेला आई गाईंची पूजा करतात, आणि पाडव्याला गावाच्या रीतीने शिंगं रंगवून गाईगुरं मिरवतात. आमचा पोळा श्रावणातच झालेला असतो, पण इथे राहून पाडव्याला गुरं नुसती कशी ठेवायची? त्याच संध्याकाळी गौतमपुऱ्यात हिंगोटांचं युद्ध असतं, तुर्रा आणि कलंगी अशा दोन गटांत. धाकटे दीर दरवर्षी जातात. मला त्या पेटत्या फळांची भीती वाटते, मी घरी पाकिटं मोजते.

यंदा सोयाबीन वेळेवर निघालं. तीन बिघ्यांचं बियाणं फोडून झालंय, चौथ्याचं बाकी आहे. लेक बंगळूरहून सुट्टी घेऊन आलीय आणि काल पहिल्यांदा तिने आईंच्या शेजारी बसून मिठाची मूठ भरली. काट्यावर 51 ग्रॅम आली. आईंनी तिचा हात हातात घेतला, बोटं थोडी मिटवली आणि पुन्हा भरायला सांगितली. आज रात्री जेवणं लवकर आटोपून सगळे चौथ्या बिघ्याला बसणार आहोत.