जिथल्या तिथे: आमची वाटचाल

बेळगावातल्या शहापूरच्या एका छापखान्यात मी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम, करायचे. 'जिथल्या तिथे' हा आमचा प्रोग्राम, संगणक पुन्हा सुरू झाला की आयकॉन आणि विंडो आपापल्या जागी नेऊन ठेवणारा, तिथूनच सुरू झाला. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची कामं यायला लागायची आणि चैत्र-वैशाखात तर डबा उघडायलाही फुरसत नसायची. माझ्या डेस्कटॉपवर डावीकडे मराठी पत्रिका, उजवीकडे कन्नड, मधे प्रूफ वाचून आलेल्या आणि अगदी खालच्या ओळीत छपाईला सोडलेल्या. ही मांडणी मला कुणी शिकवली नव्हती, काम करता करता ती बसत गेली. गिऱ्हाईक टेबलाशी येऊन "आमचं ते येळ्ळूरचं लग्न" एवढंच म्हणायचं आणि माझा हात माऊससकट त्या जागी गेलेला असायचा. नाव वाचायची गरजच पडत नसे.

आणि नेमका त्याच दिवसांत वळीव यायचा. दुपारी चारला आभाळ भरून यायचं, पहिला कडकडाट झाला की लाईट गेली. यूपीएसची बॅटरी जुनी, ती दोन मिनिटंसुद्धा तग धरत नसे. अशाच एका संध्याकाळी लाईट आली, संगणक सुरू झाला आणि बघते तर सगळे आयकॉन डावीकडे एकमेकांना खेटून गोळा झालेले. मराठी, कन्नड, प्रूफ झालेलं, न झालेलं, सगळं एकत्र. गिऱ्हाईक समोर उभं. घाईत मी चुकीची फाईल उचलली, दुरुस्तीच्या आधीची. नवरदेवाच्या आजोबांच्या नावात चूक होती, ती तशीच छापली गेली. तीनशे पत्रिका रद्दीत. मालकांनी माझ्या पगाराला हात लावला नाही, पण ते आजोबा स्वतः छापखान्यात आले होते आणि हातातली पत्रिका डोळ्यांजवळ धरून आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते, ते अजून माझ्या नजरेसमोर आहे.

असं का होतं हे शोधायला मी त्या रात्रीपासून लागले. आयकॉनच्या जागा विंडोज स्वतःही लक्षात ठेवते, रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या साठ्यात, लिहून ठेवते. पण संगणक रीतसर बंद झाला तर ते लिखाण पुरं होतं. वीज एकदम गेली की शेवटचे फेरबदल राहून जाऊ शकतात. दुसरं कारण पडद्याच्या मापाचं. मॉनिटर उशिरा चालू झाला किंवा पडदा चालवणारा ड्रायव्हर हा छोटा प्रोग्राम नीट लोड झाला नाही, तर पडदा 1024 बाय 768 ऐवजी 800 बाय 600 वर उघडतो. त्यात न मावणारे आयकॉन विंडोज जागा मिळेल तिथे सरकवते, आणि पडदा पुन्हा मोठा झाला तरी ते आपणहून परत जातीलच असं नाही.

माझे मिस्टर टिळकवाडीत संगणक दुरुस्ती करायचे. संध्याकाळी छापखाना सुटला की मी त्यांच्या दुकानात बसून व्हिज्युअल बेसिक 6 ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकले. पहिला प्रोग्राम अगदी साधा होता: प्रत्येक आयकॉनचं नाव आणि त्याची जागा एका फाईलमध्ये लिहायची, आणि बटण दाबलं की पुन्हा तिथे ठेवायचं. फाईलला हात लावायचा नाही, फक्त जागा. हा नियम आम्ही आजपर्यंत मोडलेला नाही. त्याला नाव दिलं 'जिथल्या तिथे'. विंडोज एक्सपीचे दिवस होते ते. मिस्टर दुरुस्तीला आलेल्या संगणकांत गिऱ्हाईकाला विचारून तो घालून द्यायचे.

धंदा म्हणून उभं राहायला मात्र बराच काळ गेला. 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा आधार संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून त्याला सुधारणा मिळणं थांबलं, लोकांनी नवे संगणक घेतले, पडदे मोठे झाले, आणि मागणी बदलली. आता लोक म्हणायला लागले, "आयकॉनचं ठीक आहे ओ, पण विंडो उघडल्या की त्या पण जागेवर बसू देत की." ऐकायला एकच पाऊल पुढचं वाटतं. आम्हाला त्यात दोन वर्षं गेली.

अडचण अशी. प्रत्येक उघड्या विंडोला विंडोज एक क्रमांक देते, त्याला हँडल म्हणतात. प्रोग्राम बंद करून उघडला की तो क्रमांक बदलतो. मग कालची विंडो आज ओळखायची कशावरून? प्रोग्रामचं नाव, विंडोचा वर्ग (ती कुठल्या प्रकारची आहे ते) आणि वरच्या पट्टीवरचा मजकूर, एवढ्याच खुणा हातात उरतात. आमच्या चाचण्यांत हे सुरळीत चालायचं, कारण चाचणीच्या फाईलींची नावं आम्ही इंग्रजीत दिली होती. पहिल्याच छापखान्यात तोंडावर पडलो. तिथे फाईलींची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये. आमचा प्रोग्राम जुन्या ॲन्सी पद्धतीने मजकूर वाचत होता आणि त्या पद्धतीत देवनागरीला किंवा कन्नड लिपीला जागाच नाही. 'गौरी विवाह' काय आणि कन्नड वास्तुशांतीचं कार्ड काय, आमच्या नोंदवहीत दोन्हींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. त्यामुळे उजवीकडची विंडो डावीकडे आणि डावीकडची तिसरीकडेच. मी ती नोंदवही उघडली आणि पानभर प्रश्नचिन्हं बघून सुन्न बसले. ज्या गावात एका टेबलावर दोन लिप्या नांदतात तिथे राहून मी हे विसरले होते. सगळा प्रोग्राम युनिकोडवर, म्हणजे सगळ्या लिप्यांना जागा असलेल्या पद्धतीवर, नेला, सी शार्प या दुसऱ्या भाषेत पहिल्यापासून लिहिला. तेव्हापासून चाचणीची प्रत्येक फाईल मराठी किंवा कन्नड नावाचीच असते.

जीएसटी जुलै 2017 मध्ये आला आणि आमचं गिऱ्हाईक एकदम बदललं. छापखान्यांपेक्षा हिशेबनीस जास्त यायला लागले. सीमाभागातल्या दुकानदाराचा अर्धा माल इथे, अर्धा कोल्हापूर-चंदगडकडे. जीएसटी क्रमांकाची सुरुवात कर्नाटकात 29 ने होते, महाराष्ट्रात 27 ने. इथल्या बिलाला केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी, पलीकडच्या बिलाला दोन राज्यांमधल्या मालावरचा आयजीएसटी. खडेबाजारातल्या एका हिशेबनीस बाईंनी मला त्यांची पद्धत दाखवली: 29 ची बिलं डाव्या विंडोत, 27 ची उजव्या. मधे कॅल्क्युलेटर. "ताई, डोकं दमतंय संध्याकाळी, हाताला बरोबर कळतंय," असं त्या म्हणाल्या. छापखान्यातला माझा हात मला तिथे आठवला.

उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये आमची मोठी चूक झाली, ती सांगायलाच हवी. तिथे दोन मॉनिटर: डावीकडे ड्रॉइंग, उजवीकडे तपासणीचा तक्ता. मुख्य मॉनिटरच्या डावीकडे दुसरा लावला की तिथल्या जागा विंडोज उणे आकड्यांत मोजते. डावा मॉनिटर दुरुस्तीला गेला आणि आमच्या प्रोग्रामने रीस्टार्टनंतर ड्रॉइंगची विंडो इमानेइतबारे उणे 1900 वर नेऊन ठेवली, म्हणजे नसलेल्या पडद्यावर. खाली टास्कबारवर ती दिसते, क्लिक केलं तर समोर काही नाही. त्या मुलाला वाटलं ड्रॉइंग उडालं. घाम फुटलेल्या आवाजात त्याचा फोन आला. गाडी माल घेऊन निघायची होती, ती तासभर थांबली. मी रिक्षाने गेले, माफी मागितली, आणि त्याच रात्री बदल केला: कुठलीही विंडो ठेवण्याआधी तिथे खरोखर पडदा आहे का हे बघायचं, नसेल तर मुख्य पडद्यावर आणायची. शिवाय मॉनिटरच्या प्रत्येक जोडणीची मांडणी वेगळी जपायची, एक पडदा असतानाची वेगळी, दोन असतानाची वेगळी.

याच्याच जोडीला आणखी एक सुधारणा झाली. प्रोग्राम दर दहा मिनिटांनी मांडणी आपोआप जपायचा. पण पडदा लहान मापात उघडून सगळं विस्कटलं, तर दहा मिनिटांनी तो विस्कटलेलीच मांडणी जपून ठेवायचा आणि चांगली पुसायचा! आता मागच्या मांडण्या राहू देतो, त्यातली हवी ती निवडता येते. वाट बघण्याचंही तसंच. आधी आम्ही ठरावीक वीस सेकंद थांबायचो. जुन्या हार्ड डिस्कवर तेवढ्यात प्रोग्राम उघडतसुद्धा नाहीत. आता विंडो पडद्यावर आली की विंडोजकडूनच आम्हाला निरोप येतो, मग ती जागेवर नेतो आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा बघतो, कारण काही प्रोग्राम उघडल्यावर स्वतःच जागा बदलतात.

मेनू तीन भाषांत आहे. कन्नड मेनू करताना 'रिस्टोअर'साठी शब्दकोशातला 'मरुस्थापिसु' घातला होता. निपाणीच्या एका कन्नडभाषक ऑपरेटरने तो वाचला आणि म्हणाला, "अक्का, इष्टु दोड्ड मातु याके? इद्दल्ले इडु." म्हणजे एवढा मोठा शब्द कशाला, होतं तिथेच ठेव. अगदी 'जिथल्या तिथे'! आता कन्नड बटणावर तेच आहे.

एक गोष्ट आम्ही पहिल्याच पडद्यावर ठळक लिहिली आहे: सेव्ह न केलेलं काम हा प्रोग्राम परत आणत नाही. जागा परत येते, मजकूर नाही. हे न सांगता विकलं असतं तर चार प्रती जास्त खपल्या असत्या, पण वळवाच्या दिवसांत कुणाचं तरी लग्न त्यावर अवलंबून असतं. प्रोग्राम इंटरनेटला जोडला जात नाही. कुणाच्या विंडोच्या पट्टीवर कुणाचं नाव आहे हे आम्हाला कळायचं कारण नाही.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि आमची बरीच गिऱ्हाइकं 11 वर गेली. त्यात मॉनिटर काढला-जोडला तर विंडो परत जागेवर नेण्याची सोय विंडोजमध्येच आहे, मग तुमचं काय काम, असं लोक विचारतात. मॉनिटरपुरतं ते चांगलं चालतं आणि तेवढंच हवं असेल तर आमचं घेऊ नका, असं मी सांगते. वीज जाऊन सगळंच बंद पडलं आणि पुन्हा उघडलं, तर आमची गरज लागते.

सध्या अडलंय ते ब्राउझरपाशी. टॅब बदलला की पट्टीवरचा मजकूर बदलतो आणि आमची ओळखायची खूण हातची जाते. हिशेबनिसांची निम्मी कामं आता ब्राउझरमध्येच असतात. मिस्टरांनी आणि मी एक वेगळा मार्ग धरलाय, दुकानातल्या दोन संगणकांवर तो चालतोय, तिसऱ्यावर अजून अडखळतोय. खडेबाजारातल्या बाईंना शब्द दिलाय, वळवाच्या आधी देते म्हणून.