परग्रहाची वर्गणी

कोल्हापुरात वर्गणी कुणाला चुकलेली नाही. गणपती असो, शिवजयंती असो, पावतीपुस्तक घेऊन तालमीची पोरं दारात उभी राहिली की खिशात हात घालावाच लागतो. पण परग्रहावर कोणी आहे का हे बघायला वर्गणी देणारे गावात थोडेच असतील. आमच्या थोरल्या भावाचं मंगळवार पेठेतलं डीटीपीचं दुकान त्यांतलं एक.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मंडळींनी मे १९९९ मध्ये ‘सेटी ॲट होम’ हा परग्रहवाल्यांच्या शोधाचा प्रकल्प सुरू केला. पोर्तो रिकोत अरेसिबोला ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. तिच्यात आभाळातून जे पडेल ते टेपांवर भरून बर्कलीला यायचं. हा ढीग उपसायला महासंगणक कुठून आणायचा? म्हणून त्याचे १०७ सेकंदांचे तुकडे पाडून जगभरातल्या रिकाम्या कॉम्प्युटरना वाटले. हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरी १४२० मेगाहर्ट्झवर येतात; त्याच्या आसपासच्या खरखरीत एखादी नेमकी, बारीक शिट्टी, म्हणजे कुणीतरी मुद्दाम पाठवल्यासारखा संदेश, सापडते का, एवढंच बघायचं.

लग्नसराईत भावाच्या कॉम्प्युटरला पत्रिकांतून मान वर करायची सवड नसे. आषाढ लागला की तो मोकळा. मग डायल-अपवरून तुकडा उतरवायचा आणि द्यायचा चघळायला. मध्येच लाईट गेली तरी सोडलं तिथून पुढं सुरू. स्क्रीनवर लाल-हिरव्या-निळ्या सुळक्यांची रांग सरकत राहायची. गिऱ्हाईक बाकड्यावर टेकल्या टेकल्या विचारायचं, “शेअर बाजार काय ओ ह्यो?”

“न्हाई, परग्रहावर कोण हाय का बघतोय.”

“बरं. माझं प्रूफ कवा दावताय?”

वडिलांचा सवाल जास्त रोकडा होता: “लाईट बिल कोण, तो परग्रहवाला भरणार?” त्यांचं चूक नव्हतं. नुसता चालू असलेला कॉम्प्युटर आणि रात्रभर गणितं करणारा कॉम्प्युटर यांच्या बिलात फरक पडतोच. फुकट म्हणतात ते इतकं फुकट नसतं.

पन्नास लाखांहून जास्त लोकांनी ही वर्गणी दिली. मार्च २०२० अखेर नवे तुकडे वाटणं थांबलं आणि त्याच डिसेंबरात अरेसिबोची दुर्बीणच कोसळली. खात्रीची शिट्टी काही हाती लागली नाही. आमच्याकडं मंडळानं चौकात हिशेबाचा फलक नाही लावला तर बोंब होते. इथं कुणी हूं की चूं केलं नाही.

म्हणजे ही रीतच वाया गेली असं नाही. ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या अशाच वर्गणीवरच्या प्रकल्पात २०१० साली आयोवातलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक गृहस्थ यांच्या कॉम्प्युटरवर अरेसिबोच्याच नोंदींतून नवा पल्सार, म्हणजे गरागरा फिरत रेडिओ लहरींचे ठोके देणारा मेलेला तारा, सापडला. तो प्रकल्प अजून चालू आहे. मी पुतण्याला म्हटलं, तुझ्या पीसीला एवढं भारी ग्राफिक्स कार्ड आहे, रिकामा असला की लाव की.

“काका,” हेडफोनचा एक कान सरकवून तो म्हणाला, “रिकामा असतोय कवा?”