एका जागेसाठी दोन भली माणसे

स्टीव्ह कॉनरॅड यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘द प्रमोशन’ हा चित्रपट २००८ च्या जूनमध्ये अमेरिकेत मोजक्याच चित्रपटगृहांत लागला आणि फारसा गाजावाजा न होता निघूनही गेला. मी तो बऱ्याच उशिरा, घरी बसून पाहिला आणि गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहिला. विनोदी चित्रपट म्हणून त्याची ओळख करून दिली जाते आणि ती चुकीची नाही; पण नोकरीतील स्पर्धेविषयी इतके खरे बोलणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

गोष्ट शिकागोमधली आहे. डोनाल्डसन्स नावाच्या किराणा सुपरमार्केटमध्ये डग हा सहायक व्यवस्थापक आहे. कंपनीची नवी शाखा उघडणार आहे आणि तिचे व्यवस्थापकपद आपल्यालाच मिळणार, असे त्याला वाटते, कारण तसा शब्द त्याला मिळालेला आहे. तो आणि त्याची परिचारिका असलेली पत्नी जेन एका सदनिकेत राहतात, जिच्या भिंती इतक्या पातळ आहेत की शेजाऱ्यांचा संसार त्यांच्या खोलीत ऐकू येतो. बढतीच्या भरवशावर डग स्वतःच्या घरासाठी पैसे अडकवून बसतो. अशा वेळी कॅनडातून रिचर्ड येतो. तोही सहायक व्यवस्थापक, त्यालाही बायको आणि लहान मुलगी, आणि तोही त्याच जागेसाठी अर्ज करतो.

एवढ्यावरून पुढचे सगळे आपल्याला दिसू लागते: रिचर्ड लबाड निघेल, डगचे पाय ओढेल, शेवटी उघडा पडेल. कॉनरॅड मात्र हा सोपा रस्ता घेत नाहीत. रिचर्ड व्यसनातून कष्टाने बाहेर आलेला आहे, मनाने मऊ आहे, चुकला की ओशाळतो आणि डगशी बोलताना मनापासून मैत्रीने बोलतो. डग त्याच्याइतकाच सज्जन आहे. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचे वाईट व्हावे असे वाटत नाही; त्यांना फक्त ती जागा हवी आहे, आणि जागा एकच आहे.

कॉनरॅड यांच्या आधीच्या कामाशी हा चित्रपट ताडून पाहिला की त्याचे मोल अधिक कळते. आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलेला, विल स्मिथ यांची भूमिका असलेला ‘द परस्यूट ऑफ हॅपीनेस’ हा २००६ चा चित्रपट कॉनरॅड यांनीच लिहिला होता. तिथेही मूळ प्रसंग हाच आहे: दलाली पेढीत २० उमेदवार शिकाऊ म्हणून घेतले जातात आणि शेवटी नोकरी एकालाच मिळणार असते. ख्रिस गार्डनर स्थानकाच्या स्वच्छतागृहात मुलाला कुशीत घेऊन रात्र काढतो, दिवसा फोन फिरवतो, आणि शेवटी त्याला नोकरी मिळते तेव्हा आपले डोळे भरून येतात. माझेही आले होते. पण त्या खोलीत आणखी १९ जण बसलेले होते. ते कोण होते, त्यांच्या घरी कोण वाट पाहत होते, नकार घेऊन ते कुठे गेले, हे तो चित्रपट विचारत नाही. एका माणसाच्या झगड्यावर नजर खिळवायची असेल तर विचारताही येत नाही. दोनच वर्षांनी त्याच लेखकाने एक जागा, दोन माणसे अशी कथा घेतली आणि कॅमेरा शेजारच्या खुर्चीकडे वळवला. मला हे धाडस वाटते. जिंकणाऱ्यावर प्रेम करायला लावणे तुलनेने सोपे असते. ज्याच्या हरण्यावर आपले जिंकणे अवलंबून आहे, त्याच्यावर प्रेम करायला लावणे फार कठीण.

या चित्रपटातील विनोद मोठ्या कारस्थानांतून येत नाही. वाहनतळावर टोळक्याने उभ्या राहणाऱ्या तरुणांना कसे आवरायचे, ग्राहकांच्या तक्रारी कोणाच्या वाट्याला लागतात, वरिष्ठ येतील तेव्हा कोण कुठे उभा असेल, अशा अगदी बारीक गोष्टींवरून दोघांची घालमेल होते. ही बारीकी लेखकाच्या जाणकारीची खूण आहे, असे मला वाटते. एडवर्ड लेझीअर आणि शेरविन रोझेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बढतीची तुलना खेळाच्या स्पर्धेशी करणारा एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे साधारण असे होते की माणसाने नेमके किती काम केले हे मोजणे अवघड असते, पण दोघांपैकी पुढे कोण हे ओळखणे त्या मानाने सोपे असते; म्हणून संस्था वरच्या पदाचे बक्षीस ठेवते आणि त्या आशेवर सगळ्यांकडून मेहनत करून घेते. सुपरमार्केटचा सहायक व्यवस्थापक नेमका असाच माणूस आहे. त्याचे काम किलोत किंवा डझनात मोजता येत नाही. ग्राहक नीट गेला, भांडण वाढले नाही, रांग तुंबली नाही, म्हणजेच जे घडले नाही त्याचे श्रेय त्याचे. आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणी ठेवत नाही. मग निवड ठरते ती वरिष्ठांच्या मनावर उमटलेल्या ठशावरून, आणि एखाद्या फुटकळ प्रसंगाला नको तेवढे वजन येते.

लेझीअर यांनीच १९८९ मध्ये या विचाराची दुसरी बाजू मांडली. फक्त पुढे असणे महत्त्वाचे असेल, तर पुढे जाण्याचे दोन मार्ग उरतात: स्वतः धावणे किंवा शेजाऱ्याला मागे ठेवणे. वरच्या आणि खालच्या पगारातील अंतर जितके मोठे, तितका दुसऱ्या मार्गाचा मोह मोठा. म्हणून जिथे माणसांना एकमेकांच्या मदतीने काम करायचे आहे, तिथे हे अंतर कमी ठेवणेच संस्थेच्या हिताचे असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. डग आणि रिचर्ड यांच्यात जे घडते ते या निष्कर्षाचे चालते-बोलते उदाहरण आहे. स्वभाव दोघांचेही चांगले आहेत, त्यांना एकमेकांवर सोडणारी मांडणी वाईट आहे.

हे मला इतके का भिडले, ते सांगितले पाहिजे. अकरा वर्षांपूर्वी मी नाशिकमधील एका खासगी कार्यालयात होते. विभागात वरची एक जागा रिकामी झाली आणि तिच्यासाठी आम्हा दोघींची नावे गेली. आम्ही सहा वर्षे समोरासमोरच्या टेबलांवर बसत होतो आणि रोज डबा एकत्र खात होतो. माझ्या डोक्यावर घराचे हप्ते होते. तिच्या सासऱ्यांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होते. दोघींनाही एकमेकींच्या घरची ओढाताण पाठ होती. मुख्य कार्यालयातील साहेब गुरुवारी तपासणीला येणार होते. ते मंगळवारीच येणार असल्याचा फोन शनिवारी दुपारी माझ्या टेबलावर आला. तिला मी ते सोमवारी संध्याकाळी सांगितले, ती पर्स खांद्याला लावून बस गाठण्याच्या घाईत दाराशी पोहोचली होती तेव्हा. मी खोटे बोलले नाही. निरोप दडवलाही नाही. मी फक्त दोन दिवस उशीर केला, आणि मंगळवारी तिच्या फायली अर्धवट राहिल्या. जागा मला मिळाली. त्या उशिरामुळेच मिळाली की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. चार वर्षांनी ती पुण्याला गेली.

डग आणि रिचर्ड एकमेकांना ज्या इजा करतात, त्या या मापाच्या आहेत, म्हणून पडद्यावरचे हसू माझ्या घशात अडकले. चित्रपटात खलनायक असता तर मला माझी गोष्ट आठवली नसती.

अभिनयाविषयी एक-दोन गोष्टी सांगायला हव्यात. डगच्या भूमिकेतील शॉन विल्यम स्कॉट हे ‘अमेरिकन पाय’मधील आरडाओरडा करणाऱ्या तरुणामुळे ओळखले गेलेले नट, इथे त्यांनी तो सगळा आवाज गिळून टाकला आहे आणि त्यांचा डग खांदे पाडून, शब्द तोलून बोलतो. रिचर्ड झालेले जॉन सी. रायली मूळचे शिकागोचेच, पण परक्या गावात येऊन पडलेल्या माणसाचे अवघडलेपण त्यांनी इतके नेमके पकडले आहे की ते त्या शहरात वाढले असतील असे वाटत नाही. जेना फिशर आणि लिली टेलर यांच्या वाट्याला आलेल्या पत्नींच्या भूमिका मात्र तोकड्या आहेत. ज्यांच्यासाठी ही बढती हवी, त्या दोघींना बढतीविषयी काय वाटते, याला आणखी दोन-चार प्रसंग देता आले असते, आणि ते न देणे हा मला या चित्रपटाचा खरा उणेपणा वाटतो.

आवाजांची योजना मात्र दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आली. डगच्या मनातले आपल्याला त्याच्याच निवेदनातून ऐकू येते. काय वाटले, कुठे लाज वाटली, कुठे भीती, हे तो स्वतः सांगतो. रिचर्डला असे निवेदन नाही. तो आत्मविश्वास वाढवणाऱ्या भाषणांच्या ध्वनिफिती ऐकत राहतो, आणि त्याच्या बाजूने आपल्याला जे ऐकू येते ते त्या परक्या, विकत आणलेल्या आवाजाचे धीर देणे. त्याच्या स्वतःच्या मनात काय चालले आहे, ते रायली यांच्या चेहऱ्यावरूनच वाचावे लागते. स्पर्धेत असताना आपल्याला असेच ऐकू येते: स्वतःचा आवाज पूर्ण आणि समोरच्याचा केवळ चेहरा.

त्या मंगळवारी साहेब फायली उलटत होते तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिले होते. ती नजर मला आजही स्पष्ट आठवते, आणि तिचा अर्थ मी अकरा वर्षे माझ्या सोयीने लावत आले आहे. पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी ती नाशिकला येणार आहे. तिला घरी जेवायला बोलावले आहे. आधी शनिवारच्या फोनची गोष्ट सांगेन, आणि मग तिला त्या नजरेविषयी विचारेन.