कागद झाले लवकर, कुलपाला महिना लागला

खानापूर रोडला आत एका गावात आमचा वृद्धाश्रम आहे. जुनं दोन मजली घर, २३ आज्जी-आजोबा, त्यातले ६ जण अंथरुणावरच. मी हिशेब बघतो असं म्हणायचं, खरं गॅस संपला तरी मला फोन आणि कुणाला रात्री बेळगावला न्यायचं तरी गाडी माझीच. गेल्या वर्षी नोंदणी रिन्यू करायला गेलो तर फाईलमध्ये अग्निशामक खात्याचं पत्र नाही म्हणून परत पाठवलं. मला वाटलं चार झेरॉक्स, दोन सह्या, झालं.

तपासणीला अग्निशामक खात्याचे सर आले ते आधी थेट लाल सिलिंडरकडं गेले. चार सिलिंडर होते की आमच्याकडं, तीन वर्षांपूर्वी एकजण भिंतीला ठोकून, पैसे घेऊन गेलेला, परत फिरकला नाही. पहिल्याचा काटा हिरव्यातून कधीच खाली आलेला आणि दुसऱ्याच्या पिनवर भिंतीचा ऑइल पेंट बसून ती चिकटलेली, सरांनी ओढली, मी ओढली, निघेना. तिसऱ्यावर आम्ही कॅलेंडर टांगलेलं. रोज तारीख बघत होतो त्याच्यावर, काय सांगायचं.

मग सर मागच्या दाराला गेले. दाराला कुलूप. "कीली यल्लैत्री?" किल्ली मावशींच्या कमरेला, मावशी वर एका आज्जींना अंघोळ घालूलेत. सर घड्याळ बघत तिथंच उभे. मावशी ओल्या हातानं खाली येऊन किल्ली लावेपर्यंत सात मिनिटं गेली, आणि ही भरदिवसाची गोष्ट, लाईट होती, धूर नव्हता. मी सांगितलं की सर, आमच्यात एक आजोबा आहेत, विसरतात, रोज संध्याकाळी पाचला खानापूरची एसटी धरायची म्हणून निघतात, एकदा तर रुळाजवळ सापडले, त्यांच्यासाठीच कुलूप आहे. ते म्हणाले, तुमचं खरं आहे, खरं माणसं आत कुलपात ठेवता येणार नाहीत, आतून एका हातानं किल्लीशिवाय उघडलं पाहिजे.

यावर आमच्यात महिनाभर वाद. ट्रस्टमधले एकजण म्हणाले किल्ली दाराशेजारी खिळ्याला लावूया (आजोबांना किल्ली दिसते की, विसरतात ते वेगळं). दुसरे म्हणाले कॅमेरा. शेवटी कुलूप काढलं, बेळगावच्या रविवार पेठेतून बैलाच्या गळ्यातली मोठी घंटा आणली आणि कडी वरच्या बाजूला नेऊन घंटा फळीला अशी बांधली की दार हललं की वाजणारच, वरच्या मजल्यापर्यंत. ७० रुपयांची कडी आणि एक घंटा, यासाठी तीन मिटिंगा.

सरांनी एक गोष्ट समजावली ती माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये वृद्धाश्रम हॉस्पिटलच्याच गटात धरतात, कारण इथली माणसं स्वतःहून पळू शकत नाहीत. म्हणून सगळ्यांना एकदम अंगणात काढायच्या मागं लागायचं नाही, पेटलेल्या खोलीतला माणूस आधी बाहेर घ्यायचा, दार घट्ट ओढायचं, मग शेजारच्यांना दारापलीकडच्या खोलीत सरकवायचं. आगीआधी धूर मारतो, आणि धूर वर राहतो म्हणून खाली वाकून चालायचं. हे ऐकून अंथरुणावरच्या सहाही जणांना खालच्या मजल्यावर आणलं. खिडकीजवळची खाट कुणाची यावरून दोन आज्ज्या चार दिवस बोलत नव्हत्या, ते वेगळंच.

एका आज्जींना ऑक्सिजनचं मशीन आहे. खाटेजवळच त्यांचा देव्हारा आणि रोज निरांजन. सर तिथं थांबले आणि आवाजच बदलला त्यांचा. ऑक्सिजन गादीत, चादरीत, लुगड्यात मुरतो, मग एवढीशी ठिणगी पण भडकते. बॅटरीवरचा दिवा आणला तर आज्जी म्हणाल्या हा काय देवाला टॉर्च दाखवूलाईस? शेवटी देव व्हरांड्यात गेले. आता सकाळी एकजण दिवा लावतो आणि आज्जी दारातूनच हात जोडतात.

आगीचं ड्रिल, म्हणजे रंगीत तालीम, एप्रिलमध्ये, अग्निशामक सप्ताहात घेतलं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीत हा सप्ताह असतो. आमच्यातले एक आजोबा तेव्हा लहान, परळला होते, त्यांनी तो आवाज ऐकलेला, ड्रिल राहिलं बाजूला आणि अर्धा तास तेच ऐकत बसलो.

पहिल्यांदा रात्रीच्या स्टाफवर, म्हणजे दोघांवरच घेतलं. सहाजणांना हलवायला १९ मिनिटं. व्हीलचेअर उंबऱ्यात अडकते, उचलायचं म्हटलं तर दोघांची कंबर जाते. चादरीवरून ओढायला गेलो तर चादर फाटली. मग स्वयंपाकीणबाईंनी घरचं जुनं घोंगडं आणलं. माणूस त्यावर घ्यायचा, डोक्याकडून ओढायचं, आमच्या फरशीवर एकटी मावशी पण ओढते. आता प्रत्येक खाटेखाली एक घोंगडं दुमडून ठेवलंय. जूनमध्ये परत घेतलं तेव्हा ८ मिनिटं.

वायरिंगमध्ये आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट आपोआप तोडणारी स्विच, बसवली, पावसाळ्यात शेगडीवर कपडे वाळवणं बंद केलं (याला सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या, आमच्याकडचा पाऊस माहीतच आहे), आणि ११२ नंबर प्रत्येक फोनजवळ मोठ्या अक्षरात, कन्नड आणि मराठी दोन्हीत. पत्र आलं, फाईल गेली. मागच्या दाराला रॅम्प अजून राहिलाय, गवंडी पाऊस थांबल्यावर येतो म्हणालाय.

घंटा रोज वाजते, पाचच्या सुमाराला. कुणीतरी उठतं, आजोबांना म्हणतं आज गाडी लेट आहे, चहा घ्या तोपर्यंत.