कर्नल पॅनिक, अन् भाच्याचा नवा कंप्युटर

आज परभणीत भाच्याच्या नव्या कंप्युटरवर स्वतः कॉन्फिगर केलेला लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चढवला. कंपाइल चालू असताना लाईट गेली, पण कंपाइल करवून घेणारं 'मेक' हे टूल झालेलं काम पुन्हा करत नाही, उरलेल्या फाइलींपासून पुढं जातं. खरी अडचण बूटला आली. कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलच अडकून थांबला: रूट फाइलसिस्टिम (सिस्टिमच्या सगळ्या फाइली असतात ती) माउंट होईना.

"मामा, डिस्क गेली का?"

डिस्क ठणठणीत होती. त्याच्या जुन्या मशीनला साटा डिस्क, इथं एनव्हीएमई, म्हणजे वेगळ्या जोडणीची, वेगळा ड्रायव्हर लागणारी डिस्क. कॉन्फिग जुनीच, त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे गरजेला लोड होणारी वेगळी फाइल म्हणून, आणि इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला अशी मॉड्यूल्स पुरवणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) नाही. म्हणजे जी डिस्क वाचायला मॉड्यूल हवं, मॉड्यूल नेमकं तिच्यावरच! मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या मेन्यूत, 'एम'चा (मॉड्यूल) 'वाय' (येस) केला, ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधला गेला आणि लॉगिन आलं. पोरगा खुर्चीतून उठून उभाच राहिला.

वायफायचं सोपं निघालं. फर्मवेअर (वायफाय चिपमध्ये चढवायचा प्रोग्रॅम) सापडत नाही हे डीमेसेगमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, स्पष्ट लिहिलेलं, पॅकेज टाकलं, झालं.

कुणी लोकलमॉडकॉन्फिग (चालू मशीन बघून कर्नलची कॉन्फिग छोटी करणारी सोय) वापरणार असाल तर प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम आधी जोडा. त्या क्षणी लोड नसलेली मॉड्यूल्स ते गाळून टाकतं. आणि जुना कर्नल बूट मेन्यूत राहू द्या. मराठवाड्यातल्या कुठल्याही पोराला हे शिकायचं असेल, तर मला बिनधास्त मेसेज करा.