कमी रनिंगची बॉक्स्टर

पोर्शे बॉक्स्टर, म्हणजे उघडणाऱ्या कापडी छताची दोन सीटची स्पोर्ट्स कार, २००७ चं मॉडेल, २.७ लिटरचं इंजिन, टिपट्रॉनिक म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मीटरवर फक्त १८,६०० किलोमीटर. वरळीतल्या एका इमारतीच्या तळघरात कव्हर घालून उभी होती. घेणारा तरुण नाशिकचा. गाडी घ्यावी की सोडावी, एवढं तपासून सांगायचं काम माझ्याकडे होतं. त्याला काळजी एकाच गोष्टीची होती, आयएमएस बेअरिंगची, म्हणजे इंजिनच्या आतल्या मधल्या शाफ्टला (इंटरमीडिएट शाफ्ट) धरणाऱ्या बेअरिंगची. ते गेलं की इंजिनच जाऊ शकतं.

मालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. गरम इंजिन बरंच काही लपवतं. या गाडीचे सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे बरेच दिवस उभी राहिली की थोडं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि स्टार्ट करताना काही सेकंद निळसर धूर येतो. त्याचं काही नाही. पण इथे दाट पांढरा धूर येतच राहिला, तळघर भरून गेलं. कूलंट टाकीत ऑइलचा तवंग नव्हता, पातळीही ठीक होती, म्हणजे कूलंट जळत नव्हतं. म्हणून मागच्या डिकीतलं ऑइल भरायचं झाकण इंजिन चालू असतानाच उघडायला गेलो. ते आतून ओढून धरल्यासारखं घट्ट बसलं होतं, आणि सुटताच इंजिन अडखळायला लागलं. इंजिनच्या पोटातली वाफ आणि ऑइल वेगळं करणाऱ्या सेपरेटरचा पडदा फाटल्याची ही खूण. जुन्या झाकणाला नळी बसवून हवेचा दाब मोजणारा मॅनोमीटर लावला. निरोगी इंजिनात ओढ पाच इंच पाण्याच्या आसपास असते, इथे ती दुपटीच्या वर गेली. असा सेपरेटर तसाच ठेवला तर इंजिन ऑइल पीत राहतं, आणि एखाद्या दिवशी एवढं ओढतं की सिलिंडरच भरतो.

मग लॅपटॉप जोडला. माझ्या मते जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मीटरच्या आकड्यापेक्षा कंट्रोल युनिटमधले, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले, इंजिन चालल्याचे तास बघावेत. इथे १,३२० तास निघाले. १८,६०० ला १,३२० ने भागलं की सरासरी वेग येतो ताशी १४ किलोमीटर. मुंबईची ट्रॅफिक धरली तरी हे फार कमी. मीटर मागे फिरवलेलं नव्हतं, टायर, सीट आणि पेडल सगळं त्या किलोमीटरशी जुळत होतं. उत्तर मालकांनीच दिलं. "दर रविवारी वीस मिनिटं चालू ठेवतो, एकही रविवार चुकवलेला नाही," असं ते मोठ्या मायेने म्हणाले.

पण गाडीला खाल्लं ते त्याच वीस मिनिटांनी. उभ्या गाडीत ऑइल पुरेसं तापत नाही. ज्वलनातलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल त्यात उतरतं आणि उडून जात नाही. ऑइल पातळ आणि आम्लधर्मी होतं. आयएमएस बेअरिंग कारखान्यात ग्रीस भरून सीलबंद केलेलं असतं. सील कडक झाला की हेच ऑइल आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि तिथेच साचून राहतं. म्हणून रोज पळणाऱ्या गाड्यांपेक्षा जपून ठेवलेल्या गाड्यांत हे बेअरिंग जास्त जातं. २००५ पर्यंतच्या गाड्यांत गिअरबॉक्स उतरवला की ते बदलता येतं. २००६ ते २००८ चं बेअरिंग मोठं आणि मजबूत आहे, पण इंजिनच्या केसच्या तोंडातून बाहेर येत नाही, त्यासाठी इंजिनच फोडावं लागतं. २००९ पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही.

गाडी फ्लॅटबेडवर घालून वर्कशॉपला आणली आणि ऑइल फिल्टर काढला. चौऱ्याहत्तर मिलिमीटरचा चौदा खाचांचा पाना लागतो, बसवताना २५ न्यूटन मीटर पुरे. फिल्टरच्या भांड्यातलं ऑइल पांढऱ्या ताटात ओतलं, फिल्टरचा कागद कापून घड्या उलगडल्या आणि हाताने पिळल्या. तपकिरी प्लॅस्टिकचे दोन-चार कण मिळाले, ते चेनच्या गाइडचे, या वयात चालतात. चुंबक सगळीकडून फिरवला, तो स्वच्छ राहिला, बेअरिंगच्या पोलादाचा एकही कण चिकटला नाही. ज्या बेअरिंगची एवढी धास्ती घेतली होती ते सध्या तरी शाबूत होतं.

खर्च गाडीच्या नाकाजवळ निघाला. दोन रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत असतात आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. बंपर उतरवल्याशिवाय तिथलं काही दिसत नाही, आणि बहुतेक तपासण्यांत तो कुणी उतरवतच नाही. उतरवला तर दोन्ही बाजूंनी ओंजळ-ओंजळ कुजलेला पाला निघाला, ओला आणि खारट वासाचा. डावीकडच्या कंडेन्सरच्या जाळीवर अंगठा दाबला तर ती पापडासारखी चुरली. उजव्या रेडिएटरच्या तळाशी कूलंटचा गुलाबी थर वाळलेला होता. हा पाला वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, काढला असता तर हे चारही नग वाचले असते.

टायरवर दिसणारा शेवटचा आकडा १४१३, म्हणजे २०१३ चा चौदावा आठवडा. नक्षी जवळपास नवी, पण बगलेला बारीक चिरा. पुढे २०५/५५, मागे २३५/५० सतरा इंची, चारही बदलायचे. छताचं पाणी खाली नेणाऱ्या पन्हळी तुंबल्या होत्या. त्या गवत कापायच्या मशीनच्या नायलॉन दोरीने साफ कराव्यात. हवा मारली तर आतली नळी निसटते आणि पाणी गाडीत येतं. पेट्रोलच्या रबरी नळ्या जुन्या होत्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात असलं रबर किती टिकेल याची खात्री नाही. त्याही यादीत घातल्या.

हिशोब साडेपाच लाखांच्या घरात गेला. सेपरेटरची जागा अडचणीची असल्याने गिअरबॉक्स पूर्ण उतरवायचा ठरवला. त्याच मजुरीत क्रँकचं मागचं सील बदलायचं आणि आयएमएस बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकायचं, म्हणजे ताजं ऑइल त्यात खेळतं राहील. वॉटर पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा असतो, तुकडे पडले तर ते कूलंटच्या वाटा बंद करतात, म्हणून तोही आत्ताच. कूलंट वीस लिटरच्या आसपास लागतं आणि ते व्हॅक्यूमवर भरायचं, नाहीतर हवा अडकते.

कागदांचा खर्च वेगळा. आयात गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी वाढवून घ्यायला एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये पडतात, वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून ८०,०००. पर्यावरण कर त्यावर.

नाशिककराने यादी मालकांपुढे ठेवली. "काका, गाडी मला हवीय, पण या कामांसकट," एवढंच तो म्हणाला. किंमत चार लाखांनी उतरली. त्याला मी लिहून दिलं: ऑइल दर सहा महिन्यांनी किंवा पाच हजार किलोमीटरला, जे आधी येईल ते, दर वेळी फिल्टर कापून बघायचा, आणि गाडी चालू करायची तर निदान चाळीस किलोमीटर पळवायची, नाहीतर सेल्फला हात लावायचा नाही.